मारुतीला उजवी घालून

मला एका जागी बसवत नाही. हा लेखसुद्धा मी टेबलाशी बसून सलग लिहिलेला नाही. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या माणसांच्या चाली बघायच्या, परत येऊन आधीच्या दोन ओळी खोडायच्या, असं पंधरा दिवस चाललंय. संपादकबाई फोनवर म्हणाल्या होत्या की नोकरीच्या सुरुवातीपासून सगळं क्रमाने लिहा. क्रमाने लिहिलं तर पहिल्या पानावर नेमणुकीचं पत्र येईल, शेवटच्या पानावर शाल आणि नारळ येईल आणि मधल्या पानांवर वाचक झोपेल. म्हणून तीनच माणसांबद्दल लिहिते. तिघांनाही पळायचं होतं, तिघांचंही म्हणणं होतं की आपली एक बाजू दुसरीशी जुळत नाही, आणि तिघांपैकी दोघांच्या बाबतीत मी चुकले.

माझं काम फिजिओथेरपीचं. परळच्या एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर डिलाईल रोडला आम्ही राहतो त्याच चाळीच्या तळमजल्यावर एक खोली मिळाली, तिथे आता चार-पाच तास बसते. म्हणजे उभी असते. इस्पितळात आमच्या विभागाला त्याच्या खऱ्या नावाने कोणी कधी हाक मारली नाही. केसपेपरवर काही का लिहिलेलं असेना, माणसं ‘शेक घ्यायला’ यायची आणि मी ‘शेकवाल्या बाई’. या खोलीवर मी हौसेने मोठ्या अक्षरांत पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा ती पाटी चष्मा लावून पूर्ण वाचून आत आले आणि त्यांनी विचारलं, शेक आहे ना?

पूर्वी माझ्याकडे पडलेली, मोडलेली, लकवा मारलेली माणसं यायची. आता धडधाकट माणसं येतात, कारण ती पळायला लागली आहेत. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, टॉवरमधली माणसं पहाटे पळू लागली आणि त्यांचं बघून चाळीतली. आयुष्यात कधी धावत बस न पकडलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी रंगीत बूट आणतो, पहिला महिना सगळ्यांना सांगत सुटतो आणि दुसऱ्या महिन्यात माझ्या बाकड्यावर गुडघा धरून बसलेला असतो. बहुतेक वेळा एकच गुडघा. दुसरा अगदी ठणठणीत असतो आणि त्याचंच त्यांना नवल वाटतं.

त्यात नवल काही नाही. चालताना आपले दोन पाय एकमेकांना सांभाळून घेतात. एक कच्चा असला तर दुसरा त्याचं थोडं काम उरकून टाकतो आणि मालकाला पत्ता लागू देत नाही. पळताना मात्र दर पावलाला सगळं अंग एकाच पायावर येतं आणि दुसरा हवेत असतो, तिथे मदत मागायची सोय नाही. तपासायची रीतही सोपी आहे. माणसाला एका पायावर उभं करायचं, जरासं गुडघ्यात वाकायला सांगायचं आणि मागे बसून त्याच्या कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे टेकवायचे. उजव्या पायावर उभं असताना डावीकडचा अंगठा खाली गेला, तर उजवा खुबा ढिला आहे. माझ्या भाषेत, तो खुबा सोडतोय. महागडी यंत्रं आली आणि गेली, माझा भरवसा अजून अंगठ्यांवर आहे.

पहिला माणूस एक निवृत्त बस कंडक्टर. अठ्ठावन्नाव्या वर्षी सकाळचे पळायला लागले होते. उंच, शिडशिडीत आणि बोलण्यात फटकळ. तीसेक वर्षं हलत्या बसमध्ये डावा खुबा सीटच्या दांडीला टेकवून त्यांनी तिकिटं फाडलेली, त्यामुळे त्यांची डावी मांडी उजवीपेक्षा चांगलीच भरलेली होती. माझ्याकडे ते आले तेव्हा पोटरीत किरकोळ दुखत होतं, एवढंच. पण मी मांड्यांना टेप लावला, फरक बघितला आणि माझ्या अंगात आलं. हा माणूस मी सरळ करणार. चार महिने मी त्यांच्या उजव्या बाजूला जुंपलं. त्यांनीही वेळापत्रक पाळावं तसे व्यायाम केले. चार महिन्यांनी दोन्ही मांड्या टेपला सारख्या भरल्या, मी खूष झाले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांची कंबर धरली. मग गुडघा. मग पळणं बंद.

शेवटच्या दिवशी ते बाकड्यावर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. म्हणाले, “बाई, माझं शरीर माझ्या नोकरीला बसलेलं होतं. तुम्ही त्याची बदली केलीत.” परत आले नाहीत. त्यांचा फोन नंबर माझ्या वहीत अजून आहे आणि मी तो अजून लावलेला नाही, हेही लिहून ठेवते. त्या माणसामुळे मला कळलं की कोणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात, त्या तशा असायचं कारणही नसतं. आधी विचारायचं असतं की हा फरक आला कशाने आणि दुखतंय ते त्यानेच का. हे मी त्यानंतर शिकाऊ मुलींना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

दुसरे गृहस्थ टॉवरमधले. त्यांना दुखत काहीच नव्हतं. त्यांच्या मनगटावर एक घड्याळ होतं आणि ते घड्याळ रोज सांगायचं की तुमचं डावं पाऊल जमिनीवर एक्कावन्न भाग असतं आणि उजवं एकोणपन्नास. ते दोन भाग कुठे गेले या काळजीने त्यांची झोप उडाली होती. मी अंगठे टेकवून बघितलं, सगळं ठीक होतं, तसं सांगितलं. घड्याळ महिनाभर कपाटात ठेवा म्हटलं. महिन्याने ते हसतमुखाने आले आणि मला वाटलं सुटले. तर म्हणाले, घड्याळ काढून टाकलं, आता मी घरी दोन वजनकाटे आणलेत, एकेका पायाखाली एकेक. त्यांना मी चहा पाजला आणि घरी पाठवलं. माझ्या तिघांपैकी बरोबर निघालेली केस ती हीच, आणि तिच्यात मी काहीच केलं नव्हतं.

तिसरी सायली. हा लेख खरं म्हणजे तिच्यासाठी आहे.

सायली लालबागला एका मसाल्याच्या दुकानात मिरची कांडपाच्या यंत्रापाशी काम करायची. वय अठ्ठावीसला टेकलेलं. तिचे बाबा जवळच्या एका टॉवरवर रात्रपाळीचे वॉचमन, आई आजारी. आईच्या आजारपणात पोलीस भरतीच्या दोन संधी हुकल्या होत्या आणि वयाच्या अटीत बसणारी आता एकच उरली होती. तीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, जितकं लवकर संपवाल तितके गुण. सायली शाळा सुटल्यापासून पळाली नव्हती. भरतीचा फॉर्म भरला त्या दिवशी संध्याकाळी ती घरातल्या साध्या बुटांवर तालमीच्या मैदानात गेली आणि एक फेरी मारून ओकली. दुसऱ्या दिवशी परत गेली. हे तिनेच मला सांगितलं, अगदी सरळ चेहऱ्याने. चार महिन्यांनी तिला उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ यायला लागली, तिसऱ्या फेरीला हमखास. मैदानी चाचणीला दहा आठवडे होते.

मी अंगठे टेकवले. उजवा खुबा साफ सोडत होता. दिवसभर काय करतेस विचारलं तर तिने उभं राहून दाखवलं. यंत्रापाशी एक लाकडी फळी होती, तिच्यावर उजवा पाय टेकवायचा, सगळा भार डाव्यावर, आणि आठ-दहा तास मिरची चाळत उभं राहायचं. डावा पाय राबतोय आणि उजवा फळीवर आराम करतोय. मला गुन्हेगार सापडला. आणि काय सांगू, सापडला याचा मला फार आनंद झाला. कंडक्टरसाहेबांची आठवणसुद्धा झाली नाही.

मी तिला चौदा व्यायाम दिले, सगळे उजव्या बाजूचे. आणि म्हटलं, ते काम सोड. भरती होईपर्यंत तरी सोड, नाहीतर मी इकडे भरते ते तू तिकडे सांडणार. चैत्र लागला होता. ज्यांनी लालबाग बघितलंय त्यांना माहीत आहे की वर्षाचा मसाला तेव्हाच होतो, दुकानांत उभं राहायला जागा नसते आणि वर्षभराची खरी मिळकत त्या दोन महिन्यांतच असते. सायलीने त्या आठवड्यात काम सोडलं. तिची जागा दुसऱ्या दिवशी भरली गेली.

सहा आठवडे ती रोज आली, एक दिवस चुकली नाही. माझ्या बाकड्यावर तिचा उजवा खुबा असा पक्का झाला की मी शेजारच्या खोलीतल्या बाईंना बोलावून दाखवला. आणि मैदानात तिसऱ्या फेरीला कळ यायची ती येतच राहिली. कधी चौथ्या फेरीला, पण येतच राहिली. ती येऊन सांगायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी दोन व्यायाम बदलायचे, बूट तपासायचे, बोटं दाबून बघायचे. घरी गेले की जेवतानाही उठून एका पायावर उभी राहून बघायचे की आपलं काय राहून गेलं. नवरा म्हणाला, आधी वरण तरी संपव.

शेवटी म्हटलं, मला तुला पळताना बघू दे. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. केलं नाही, कारण ते मैदान मला पाठ होतं. बावीस वर्षं मी रोज सकाळी त्याच मैदानात चालत होते. ती संध्याकाळी पळायची, म्हणून कधी गाठ पडली नव्हती.

मैदान म्हणायचं एवढंच, खरं तर चाळींच्या मधला तो एक मोकळा तुकडा आहे. मध्यभागी जुन्या तालमीचा मारुती, छोटं देऊळ, त्याला लागून पार. सभोवती गोल वाट, तीही लहान, वळणं आखूड. मी पारावर बसले, सायली पळायला लागली. तिसऱ्या फेरीला खुबा सोडायला लागला. मला दिसत होतं आणि कारण दिसत नव्हतं. मी इतकी अस्वस्थ झाले की पारावरून उठले, बसले, परत उठले. चौथ्या फेरीत ती थांबली, पाण्याची बाटली मागे राहिली म्हणून वळली आणि पन्नासेक पावलं उलट्या दिशेने पळत गेली.

त्या पन्नास पावलांत खुबा सोडला नाही.

मी ओरडून तिला परत तसंच पळायला लावलं. ती गोंधळून थांबली. “असं उलटं कसं मॅडम? मध्ये देऊळ आहे ना.”

तेव्हा मी पहिल्यांदा त्या मैदानाकडे नीट बघितलं. संध्याकाळची पंधरा-वीस माणसं तिथे चालत होती. मुलं, बायका, पोट कमी करायला आलेले काका, काठी टेकत आजी. सगळी माणसं एकाच दिशेने चालली होती, मारुती उजव्या हाताला ठेवून. प्रदक्षिणा घालतात तशी, देवाला उजवी घालून. कोणी पाटी लावलेली नाही, कोणी कोणाला सांगितलेलं नाही. सायलीने चार महिने आणि वर माझे सहा आठवडे, रोज पंधरा-वीस फेऱ्या, त्याच आखूड वळणांवर त्याच बाजूला कलून मारल्या होत्या. आतला पाय सतत उजवा. मी बाकड्यावर एक तास भरत होते आणि ती मैदानात सांडत होती. कांडपाच्या फळीचा काही संबंध नव्हता, असलाच तर चिमूटभर.

आणि भरतीच्या मैदानात, कुठल्याही पळण्याच्या मैदानात, डावा हात आत ठेवून पळतात. म्हणजे दुखलं नसतं तरी त्या दिवशी ती जन्मात पहिल्यांदा डावीकडे वळली असती.

आमच्या धंद्यात नव्या पळणाऱ्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. किती पळता, कशावर पळता, बूट कोणते, आधी काही लागलं होतं का. कुठल्या बाजूने वळता, हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. मी अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत, बौद्ध घरात वाढले. आमच्या घरी देव्हारा नव्हता, मारुतीशी माझं देणंघेणं नव्हतं. पण विहारातही लहानपणापासून उजवीकडूनच फिरले होते आणि मैदानात शिरताना पाय आपोआप त्या बाजूला वळायचे. ज्याला मी सवय म्हणून कधी ओळखलंच नाही, ते मी दुसऱ्याला काय विचारणार होते?

सायली पारावर बसून लेस बांधत होती. मी तिला सगळं सांगितलं. मग म्हटलं, “तुझं काम मी उगाच सोडायला लावलं. माझी चूक झाली.”

तिने लेस घट्ट ओढली. वर बघितलं नाही. “आता ते नका सांगू मॅडम. उलटे किती राउंड मारायचे ते सांगा.”

मी दुसऱ्या दिवशी तिच्या नकळत त्या दुकानात जाऊन आले. मालकीण बोलायला चांगली होती, पण यंत्रापाशी दुसरी मुलगी उभी होती आणि तिचाही उजवा पाय फळीवर होता. मी गरम मसाला घेतला आणि परत आले. ते पाकीट अजून फोडलेलं नाही.

अठ्ठावीस दिवस उरले होते आणि आता दुसरीच अडचण उभी राहिली. सायली एक दिवस उलट्या फेऱ्या मारून आली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचे बाबा आले. खाकी शर्ट, पाळी संपवून तसेच आलेले, डोळे लाल. कोकणातून लहानपणी मुंबईत आलेला माणूस, एरवी आमच्याशी साधं मुंबईचं मराठी बोलायचा, पण मनाला लागलं की घरची मालवणी यायची. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, बाई, तुमचं शिक्षण आहे, मला त्यातलं कळत नाही. पण मैदानात माणसं तिला बोलली. एक जण म्हणाला, मॅडम इथे वन वे आहे. एका म्हातारीने तर सरळ विचारलं, भरतीच्या तोंडावर देवाला पाठ का दाखवतेस. तिच्या आईने हे ऐकलं आणि रात्रभर रडली.

मी त्यांना खुबा, वळण, आतला पाय, बाहेरचा पाय सगळं समजावलं. कागदावर गोल काढून दाखवला. त्यांनी नीट ऐकलं. मग हळूच म्हणाले, “पटता माका. पण देवाक डावी घालून चेडू पळतला आणि काय बरावाईट झाला, तर मी तेच्या आवशीक काय सांगू?”

चेडू म्हणजे पोरगी, आवस म्हणजे आई. मी दुसरं मैदान आठवायला लागले. दादरला मोठं मैदान होतं, पण जाण्यायेण्यात तास-दीड तास मोडला असता आणि आईचं औषधपाणी सायलीकडे होतं. मी म्हटलं, विश्वास ठेवा माझ्यावर. म्हटलं आणि जीभ चावली, कारण विश्वास ठेवूनच पोरगी काम सोडून बसली होती. ते नमस्कार करून गेले. त्या दिवशी मी पेशंट संपल्यावर डिलाईल रोडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे मैदानात गेले तर पारासमोर दहा-बारा माणसं उभी होती. रोजची चालणारीच. सायली बूट घालून, हात जोडून. वन वेवाले गृहस्थ होते, ती म्हातारीही होती. देवळाच्या दारात सायलीचे बाबा नारळ घेऊन उभे होते. कोकणात काही नवं करायचं, काही चुकीचं होणार असेल किंवा झालं असेल, तर देवापुढे उभं राहून ते बोलून दाखवतात, मोठ्याने, गावासमक्ष. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एक माणूस बोलतो आणि बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा असतो.

“बा देवा महाराजा,” त्यांनी सुरुवात केली. रात्रभर जागलेला आवाज, पण खणखणीत. “आज ह्या चेडू तुझ्यासमोर उभा हा. आजपावत तेना तुका उजवीच घातल्यान.”

“होय महाराजा,” माणसं म्हणाली.

“आता डाक्टरीणबाय सांगतत, तेच्या पायांक डावी व्हयी. ता काय तुझो अपमान करूक नाय महाराजा. पोटासाठी पळता हा.”

“होय महाराजा.”

“तेव्हा पंचवीस दिवस तेका डावी घालूक दी. चूकभूल झाली तर ती माझ्यार घाल, तेच्यार नको. आणि तेच्या दोनव पायांक सारखी ताकद दी महाराजा!”

“होय महाराजा.”

शेवटचा होकार सायलीनेही दिला. म्हातारीने तर सगळ्यांत मोठ्याने दिला. त्यांनी नारळ फोडला आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी देवाला काही म्हणाले नाही, ते माझ्याच्याने होणार नव्हतं. पण त्यांच्याकडे बघून होय म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी खोबरं मागून घेतलं. एकतीस वर्षांत मी किती पेशंटना व्यायाम लिहून दिले आणि किती जणांनी घरी जाऊन ते केले नाहीत. माझं सांगणं असं कोणी कधी पक्कं केलं नव्हतं.

त्यानंतर सायली सकाळीच पळायला येऊ लागली आणि त्या मैदानात तिला वाट मिळाली. ती समोरून आली की माणसं बाजूला सरकायची. वन वेवाले गृहस्थ हातात घड्याळ धरून तिच्या फेऱ्या मोजायला लागले. मी तिचे चौदा व्यायाम चारवर आणले, दोन्ही बाजूंचे. आठव्या दिवशी तिसऱ्या फेरीला कळ आली नाही. पंधराव्या दिवशी तिला कळीची आठवणच राहिली नाही, मी विचारलं तेव्हा आठवली.

चाचणीच्या दिवशी बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत. तिचे बाबा फाटकाबाहेर उभे होते आणि मी माझ्या खोलीत. त्या सकाळी मी एका पेशंटच्या डाव्या खांद्याऐवजी उजव्याला शेक दिला, तो बिचारा सज्जन निघाला. साडेदहाला फोन वाजला. तिच्या बाबांना धड बोलता येत नव्हतं, मी विचारत होते गुण किती, वेळ किती, आणि ते नुसते हो हो करत होते. शेवटी फोन तिने घेतला.

“मॅडम, दोन्ही पाय सारखेच दमले.”

मग गुण मी परत विचारलेच नाहीत. ते नंतर कळले, पूर्ण होते. लेखी परीक्षा झाली, मधे बरेच महिने गेले, यादी लागली आणि तीत तिचं नाव होतं.

प्रशिक्षणाला बाहेरगावी जायच्या आधी ती पेढे घेऊन आली. मी बशी आणायला कपाटापाशी गेले आणि परत वळले तर ती माझ्या पायांकडे बघत होती. माझा उजवा खुबा गेली काही वर्षं ठणकतो. बसलं की जास्त, म्हणून मी बसत नाही. लोक म्हणतात बाईंना स्वस्थता नाही. मी वयावर टाकून दिलं होतं. ती म्हणाली, मॅडम, जरा एका पायावर उभ्या राहा. मी हसले. ती हसली नाही. माझ्या मागे गुडघ्यांवर बसली आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे टेकवले, मी टेकवायचे अगदी तिथेच.

“सोडताय,” ती म्हणाली. “बावीस वर्षं उजवीच घालताय ना?”

खरं होतं. तिला उलटं पळवलं त्या पंचवीस दिवसांतही मी स्वतः सुलटीच चालत होते. ती जीव तोडून समोरून यायची आणि मी तिला हात दाखवून तशीच पुढे जायचे. कंडक्टर, टॉवरमधले साहेब, सायली, सगळ्यांच्या बाजू मी मोजल्या आणि माझ्या स्वतःच्या अंगाला कधी अंगठा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात गेले. फाटकातून आत शिरल्यावर पाय नेहमीच्या बाजूला वळले, मी ते थांबवले. उलट्या बाजूला वळायला किती वेळ लागला ते सांगत नाही, हसाल. समोरून येणारी माणसं थबकली. पारावर सायलीचे बाबा बसले होते, पाळी संपवून, मांडीवर डबा. पोरगी जाणार म्हणून घर आधीच रिकामं वाटायला लागलंय, म्हणाले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पहिली दहा पावलं टाकली, मारुती डाव्या हाताला आला, आणि मागून त्यांचा आवाज ऐकू आला, अगदी हळू, माझ्यापुरताच.

“होय महाराजा.”